जेवणाऐवजी शेक: कोणाला चालतो, कोणाला नाही आणि चालू गोळ्यांचे काय करायचे?

"डॉक्टर, रात्रीचे जेवण बंद करून हा शेक घेतला तर चालेल का?" हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर येतो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकाला स्वतःचे वजन कमी करायचे असते. दुसऱ्याच्या घरात कोणीतरी आजारी असते, त्याला जेवण जात नाही आणि त्याचे वजन वाढावे असे घरच्यांना वाटत असते. गंमत अशी की दोघांच्या हातात पुष्कळदा सारखाच डबा असतो.

एकाच पावडरीने एकाचे वजन उतरते आणि दुसऱ्याचे चढते, अशी जादू त्या डब्यात नाही. शेकमुळे ताटातले काय कमी झाले आणि शेक दिवसातून किती वेळा, किती घट्ट घेतला, यावर परिणाम ठरतो. म्हणून या लेखात दोन्ही रुग्णांविषयी वेगवेगळे लिहिले आहे. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर गोळ्यांविषयीचा भाग आधी वाचा.

डब्यात नेमके काय आहे?

दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले तीन डबे दिसायला सारखे, पण वेगळ्या कामाचे असतात. पहिला खरा "मील रिप्लेसमेंट", म्हणजे एका जेवणाची जागा घेण्यासाठी बनवलेला. अन्नाच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार वजन कमी करण्यासाठीच्या अशा एका जेवणात २०० ते ४०० कॅलरी असाव्यात, त्यातल्या किमान पाव कॅलरी प्रथिनांमधून याव्यात आणि सोबत ठरावीक जीवनसत्त्वे व खनिजे असावीत. दुसरा डबा जिममध्ये जाणाऱ्यांची प्रोटीन पावडर. त्यात प्रथिने भरपूर, पण बाकी जेवण नाही. जेवणाऐवजी फक्त तीच घेतली तर शरीराला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी मिळतच नाहीत. तिसरा डबा दुधात घालायच्या चॉकलेटी, माल्ट असलेल्या पावडरीचा. त्यात साखर बरीच असते. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये "हेल्थ ड्रिंक" या गटातून काढायला सांगितले होते. तरीही घरोघरी ती "ताकदीची पावडर" म्हणूनच ओळखली जातात.

डब्याच्या पुढच्या बाजूवर काय छापले आहे ते सोडा, मागची बाजू वाचा. घटक पदार्थांची यादी जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहिलेली असते. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल, तर मधुमेहाच्या रुग्णाने तो डबा परत ठेवावा. माल्टोडेक्स्ट्रिन चवीला फारसे गोड लागत नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. आकडे "प्रति १०० ग्रॅम" आहेत की एका ग्लासाचे, तेही पाहा. काही डब्यांवर आकडे दुधासह दिलेले असतात. २०० मिली टोन्ड दुधात स्वतःच्याच सुमारे १२० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे छापलेल्या आकड्यातला मोठा वाटा तुमच्या घरच्या दुधाचा असू शकतो.

"फूड फॉर स्पेशल मेडिकल पर्पज" असे लिहिलेला डबा आजारी माणसासाठीचा असतो. तो वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावा, अशी सूचना त्यावर असते. हे वाक्य केवळ उपचार म्हणून छापलेले नाही.

शेक कोणत्या जेवणाच्या जागी?

समजा शेकमध्ये २२० कॅलरी आणि १८ ग्रॅम प्रथिने आहेत. तो सकाळच्या चहा-बिस्किटांच्या किंवा कांदेपोह्यांच्या जागी घेतला तर प्रथिने वाढतात, हा फायदाच आहे. बहुतेक घरांत नाश्त्याला प्रथिने कमीच असतात. पण तोच शेक दुपारच्या भाकरी, उसळ, पालेभाजी आणि ताकाच्या जागी घेतला तर हिशेब बदलतो. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत साधारण १६५ कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिने आणि ५ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. उसळ आणि भाजी धरली तर त्या एका जेवणातून दिवसाच्या गरजेच्या निम्मे तंतू मिळू शकतात. अनेक शेकमध्ये तंतू दोन-चार ग्रॅमच असतात. म्हणूनच शेक सुरू केल्यावर पहिली तक्रार बद्धकोष्ठाची येते.

दुसरी तक्रार चार वाजताच्या भुकेची. चावून खाल्लेल्या जेवणाइतके पिण्याने पोट भरल्यासारखे वाटत नाही. दुपारी ३०० कॅलरी वाचवायच्या आणि संध्याकाळी एक वडापाव खाऊन त्या परत घ्यायच्या, हे इतक्यांदा होते की वजन का उतरत नाही हे विचारताना मी आधी चार वाजता काय खाता, तेच विचारतो.

वजन आणि मधुमेहासाठी याचा खरेच उपयोग होतो का?

होतो, पण कसा होतो ते नीट पाहायला हवे. याबाबतचा सर्वात महत्त्वाचा अभ्यास ब्रिटनमधला, "डायरेक्ट" नावाचा. त्याचे निष्कर्ष २०१७ च्या डिसेंबरमध्ये "लॅन्सेट" या नियतकालिकात आले. टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा जास्त काळ न झालेले, इन्सुलिन न घेणारे, वजन जास्त असलेले सुमारे ३०० रुग्ण त्यात होते. त्यांतल्या निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला फक्त ८२५ ते ८५३ कॅलरींचे शेक आणि सूप दिले. नेहमीचे जेवण पूर्ण बंद. वर्षाच्या शेवटी त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांचे वजन १५ किलो किंवा जास्त उतरले, त्यांच्यात तर ते ८६ टक्के होते.

हे आकडे मोबाइलवर फिरतात. पण सोबतच्या गोष्टी फिरत नाहीत. त्या रुग्णांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवल्या होत्या. प्रशिक्षित नर्स किंवा आहारतज्ज्ञ त्यांना नियमित भेटत होते. शेक संपल्यावर दोन ते आठ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने जेवण परत सुरू केले होते आणि त्यानंतरही महिनोन्महिने पाठपुरावा होता. एवढे करूनही दोन वर्षांनी औषधाशिवाय साखर नियंत्रणात असलेले ३६ टक्के उरले आणि पाच वर्षांनी, पाठपुराव्यात राहिलेल्यांपैकी, १३ टक्के. ज्यांचे वजन परत चढले त्यांची साखरही परत आली.

हे सर्व गोऱ्या लोकांचे, आपल्याला लागू पडते का, असा प्रश्न रास्त आहे. स्कॉटलंडमधल्या दक्षिण आशियाई वंशाच्या २५ रुग्णांवर असाच एक अभ्यास झाला आणि त्यातही अनेकांची साखर औषधाशिवाय नियंत्रणात आली. संख्या लहान आहे, पण दिशा तीच आहे.

दिवसभराचे सगळे जेवण बंद करण्याचा प्रयोग घरी, स्वतःच्या मनाने करू नये. यामागे जुना आणि कटू अनुभव आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत "लिक्विड प्रोटीन"ची लाट आली होती. प्राण्यांच्या कातड्यातल्या आणि हाडांतल्या कोलॅजेनपासून बनवलेले ते द्रव्य लोक महिनोन्महिने जेवणाऐवजी पीत होते. सुमारे ६० मृत्यू नोंदले गेले. त्यांतले बरेच जण हृदयाचे ठोके अचानक बिघडून गेले. आजच्या चांगल्या शेकमध्ये प्रथिने चांगल्या प्रतीची असतात, पोटॅशियम-मॅग्नेशियम घातलेले असते. पण जेवण बंद करून फक्त प्रोटीन पावडर आणि पाणी घेणारा माणूस आजही त्याच जुन्या वाटेवर असतो.

दिवसातले एक किंवा दोन जेवण बदलणे मात्र बऱ्याच निरोगी, जास्त वजनाच्या प्रौढांना झेपते. युरोपात अशा उत्पादनांवर जो दावा करायला परवानगी आहे, तो मोजून मापून आहे: कमी कॅलरींच्या आहारात रोज दोन मुख्य जेवणांऐवजी घेतल्यास वजन कमी व्हायला मदत होते, एका जेवणाऐवजी घेतल्यास उतरलेले वजन टिकायला मदत होते. "चरबी वितळते", "शरीर शुद्ध होते" यातले त्यात काहीच नाही.

गोळ्या चालू असतील तर

माझ्या मते शेकमुळे होणारे धोके पावडरीपेक्षा जुन्याच डोसमध्ये चालू राहिलेल्या गोळ्यांमुळे जास्त होतात. कारण सरळ आहे. गोळ्यांचा डोस तुमच्या पोळी-भाताच्या हिशेबाने ठरवलेला असतो. जेवण निम्मे झाले आणि गोळी तेवढीच राहिली की ती जास्त होते.

इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांची साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. मधुमेहाच्या बऱ्याच गोळ्यांत दोन-तीन औषधे एकत्र असतात, त्यामुळे आपल्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे हे रुग्णाला माहीतच नसते. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेली नावे वाचा. घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधड, अचानक चिडचिड किंवा बडबडणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी शेक पाजू नका. त्यातल्या प्रथिनांमुळे आणि स्निग्धांमुळे साखर हळू चढते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहा आणि अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडातून काहीही देऊ नका, थेट रुग्णालयात न्या.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. या गोळ्यांवर असताना पिष्टमय पदार्थ एकदम कमी केले, तर रक्तात कीटोन नावाची आम्ले साचू शकतात. फसवणारी गोष्ट ही की तेव्हा ग्लुकोमीटरवरची साखर फार वाढलेली दिसत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप, प्रचंड थकवा जाणवला तर "शेक बाधला असेल" म्हणून घरी थांबू नका. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा साखर फार खाली जात नाही.

रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. खाणे कमी झाले की मीठही कमी जाते, पहिल्या दोन आठवड्यांत शरीरातले पाणी उतरते आणि दाब खाली येतो. लघवी वाढवणारी गोळी असेल तर जास्तच. अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे ही पहिली खूण आहे.

वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी डब्यावर व्हिटॅमिन के पाहावे. ते रोज जास्त प्रमाणात गेले की वॉरफॅरिनचा परिणाम घटतो, म्हणून शेक सुरू करताना आणि बंद करतानाही आयएनआर तपासायला हवा. थायरॉइडची गोळी आणि शेक एकत्र घेऊ नका. शेकमधले सोया, कॅल्शियम आणि लोह तिचे शोषण अडवतात. सकाळी गोळीनंतर तासाभरात शेक घ्यायची सवय असेल तर वेळ बदलण्याविषयी विचारा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या.

थोडक्यात, गोळ्या स्वतःहून बंद करू नका आणि त्या तशाच ठेवून शेकही सुरू करू नका. भेट आधी घ्या, चक्कर आल्यावर नको. येताना डबा आणि गोळ्यांची पाकिटे दोन्ही घेऊन या.

ज्यांनी हा प्रयोग करू नये

गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, १८ वर्षांखालील मुले, टाइप १ मधुमेहाचे रुग्ण, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, सिरोसिस असलेले आणि पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार झालेले यांनी वजन कमी करण्यासाठी जेवण बंद करू नये. मूत्रपिंडाच्या आजारात तर डब्यातली प्रथिने, पोटॅशियम आणि फॉस्फरस हे तिन्ही घात करू शकतात. क्रिॲटिनिन वाढलेले असेल तर मूत्रपिंडतज्ज्ञांना डबा दाखवल्याशिवाय एक चमचाही नको. पासष्टीपुढच्या व्यक्तींचे वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात आणि मग बाथरूममध्ये पडणे, मांडीचे हाड मोडणे सुरू होते. वजनकाट्यावर मात्र ते "यश" म्हणून दिसते.

बाकीच्यांनाही वेगाने वजन उतरले तर त्रास होतो. दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बहुधा परत येतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरत राहिले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. उजव्या बरगडीखाली कळ, ताप, डोळे पिवळे होणे याकडे दुर्लक्ष नको. ज्यांना गाउट आहे त्यांचा सांधा पहिल्या काही आठवड्यांत सुजू शकतो.

क्लबमधला शेक

शहरांत आणि आता तालुक्याच्या गावीही सकाळी "न्यूट्रिशन क्लब" भरतात. तिथे वजन करतात, शेक देतात, चार लोक भेटतात. भेटणे चांगलेच आहे. आक्षेप याला आहे की पावडर विकणारी व्यक्तीच गोळ्या बंद करायला सांगते, आणि चक्कर आली तर "शरीरातली घाण बाहेर पडते आहे" असे समजावते. चक्कर ही साखर किंवा दाब उतरल्याची खूण असते, घाण बाहेर पडण्याची नव्हे.

पावडरीत वनस्पतींचे अर्क असतील तर जास्त सावध राहा. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात मिळणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंटची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता आणि काहींत बुरशीचे विषारी अंश सापडले. शेक सुरू केल्यावर लघवी गडद पिवळी झाली, भूक मेली, अंगाला खाज सुटली तर शेक थांबवा आणि लिव्हर फंक्शन टेस्ट करा.

जेवणावर परत कसे यायचे?

शेक सुरू करण्याआधीच हे ठरलेले असावे, कारण वजन परत चढते ते इथेच. दोन जेवणांऐवजी शेक घेत असाल तर आधी दुपारचे जेवण परत आणा: एक भाकरी किंवा दोन फुलके, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, भरपूर भाजी, ताक. दोन आठवडे रोजचे वजन नव्हे, आठवड्याचे वजन पाहा. ते स्थिर राहिले तर दुसरे जेवण. भात सर्वात शेवटी वाढवा. उपवासाच्या दिवशी शेक आणि साबुदाण्याची खिचडी दोन्ही घेतली तर आठवड्याची कमाई त्या एका दिवसात जाते, हे दर एकादशीनंतर वजनकाटा सांगतोच.

घरात आजारी माणूस असेल तर

आता दुसरा रुग्ण. तोंडाच्या कर्करोगावर रेडिएशन चालू आहे, गुटख्यामुळे तोंड उघडत नाही, टीबी आहे, दात नाहीत, किंवा म्हातारपणी जेवणावरची वासनाच गेली आहे. इथे शेक उपयोगी पडतो, पण नियम उलटा: जेवणाऐवजी नव्हे, दोन जेवणांच्या मधे. जेवणाआधी ग्लासभर पाजला की जे दोन घास जाणार होते तेही जात नाहीत. "डबा दिला म्हणजे जेवण झाले" हा समज इथे सर्वात महाग पडतो.

एक हिशेब करून पाहा. एका ग्लासातून २५० कॅलरी मिळायला ५५ ग्रॅम पावडर लागते असे डब्यावर लिहिले असेल, तर तेवढे म्हणजे पाच-सहा मोठे चमचे. घरी डबा पुरवण्यासाठी दोन चमचे घालतात. मिळतात जेमतेम ८० कॅलरी आणि ग्लासभर पाण्याने पोट भरते. रुग्णाला दिवसाला १५०० कॅलरी फक्त शेकमधून द्यायच्या तर सहा पूर्ण ग्लास, म्हणजे ३३० ग्रॅम पावडर लागेल. ४०० ग्रॅमचा डबा सव्वा दिवसात संपेल. हे परवडणार नसेल तर पातळ शेकमध्ये पैसे घालवू नका. दुधात दोन चमचे दूधपावडर घालणे, मऊ वरणभातावर चमचाभर तूप, चालत असेल तर अंडे, खिरीत शेंगदाण्याचे बारीक कूट, हे सगळे स्वस्तात कॅलरी वाढवते. मोड आणून दळलेल्या नाचणीची खीर साध्या नाचणीपेक्षा पातळ राहते, त्यामुळे त्याच वाटीत जास्त पीठ घालता येते. नुसती भाताची पेज मात्र बहुतांश पाणीच असते. टीबीच्या रुग्णांना निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये मिळतात, ते नोंदणी करून घ्या आणि त्यातून डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध आणा.

दोन ठिकाणी फार सांभाळावे लागते. पक्षाघात झालेल्या रुग्णाला पातळ पदार्थ गिळायला सोपे असे आपल्याला वाटते, पण पातळ द्रवच श्वासनलिकेत पटकन उतरतो. पिताना ठसका लागत असेल किंवा प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता येत असेल तर थांबा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. दुसरे, जो पाच-सात दिवस जवळजवळ काही खाल्लेलाच नाही त्याला एकदम भरपूर शेक पाजू नका. उपाशी शरीरात अन्न अचानक गेले की रक्तातले फॉस्फरस आणि पोटॅशियम खाली जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा रुग्णाचे खाणे रुग्णालयात, रक्ततपासण्या करत हळूहळू वाढवतात.

आणि प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरले असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलोपेक्षा जास्त, तर डबा आणण्याआधी कारण शोधा. थुंकीची टीबीसाठी तपासणी, छातीचा एक्स-रे, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन एवढे तरी पहिल्या भेटीत झाले पाहिजे.